खून, पाठलाग आणि फिदीफिदी हसू

आज लोकलच्या लेडीज डब्यात पुस्तक वाचताना इतकी हसले की शेजारच्या काकू जरा सरकूनच बसल्या. कारण जॅनेट इव्हानोविचचं 'वन फॉर द मनी' (१९९४).

नायिका स्टेफनी प्लम, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनची. नोकरी गेलेली, खिशात दमडी नाही. मग चुलतभावाला ब्लॅकमेल करून ती जामिनावर सुटून पसार झालेल्यांना पकडून आणायचं काम मिळवते. अनुभव शून्य, तोंड मात्र फटाफट चालतं. पिस्तूल ठेवते कुठे, तर बिस्किटांच्या बरणीत! पण खरी धमाल तिच्या आजीची. कुणाचं अंत्यदर्शन म्हटलं की ग्रँडमा मझूर नटूनथटून तयार, आणि शवपेटी बंद असली की हिचा जीव खालीवर. झाकण उचलून बघितल्याशिवाय चैन नाही.

पुढचे भाग थोडे त्याच त्या वळणाने जातात, पण सुरुवातीचे जरूर वाचा.

जुना काळ आवडत असेल तर एलिझाबेथ पीटर्सची अमेलिया पीबॉडी. इजिप्तमधलं उत्खनन, हातात छत्री आणि कुणाच्या बापाला न घाबरणारी व्हिक्टोरियन बाई. सुरुवात 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक'पासून (१९७५).

मराठीत अशी फटकळ डिटेक्टिव्ह बाई कुणी वाचली असेल तर नाव सांगा ना, प्लीज.