लॉगमध्ये अखेर ‘जीगेट’ उमटलं

मागच्या नोंदीत रिक्वेस्ट स्मगलिंगचा प्रयोग अडकला होता, ती गाठ सुटली. स्मगलिंग म्हणजे पुढचा प्रॉक्सी आणि मागचा सर्व्हर एकाच एचटीटीपी रिक्वेस्टचा शेवट वेगवेगळ्या जागी मानतात, अन् उरलेला तुकडा पुढच्या रिक्वेस्टला चिकटतो. गुनिकॉर्न या पायथॉन वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये ‘गेट’ऐवजी ‘जीगेट’, आणि पुढं ४०५ (ही मेथड चालत नाही). तो आगाऊ ‘जी’ पहिल्या क्लायंटच्या बॉडीतला. रिक्वेस्ट दुसऱ्याच टर्मिनलमधल्या कर्ल या कमांड-लाइन क्लायंटची!

मांडणी तीच: पुढं प्रॉक्सी म्हणून हॅप्रॉक्सी १.९.१०, मागं २०.० मालिकेतला सुरुवातीचा गुनिकॉर्न, त्यावर दहा ओळींचं फ्लास्क ॲप. भोक हॅप्रॉक्सीतलं, सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१९-१८२७७. बॉडी कुठं संपते हे दोन हेडर सांगतात: कंटेंट-लेंग्थ म्हणजे एकूण बाइट, ‘ट्रान्सफर-एन्कोडिंग: चंक्ड’ म्हणजे तुकडे, शून्य लांबीचा आला की संपलं. ‘ट्रान्सफर-एन्कोडिंग:’ आणि ‘चंक्ड’ यांच्यामध्ये मी घातला व्हर्टिकल टॅब हा न दिसणारा बाइट, हेक्स ०बी. हॅप्रॉक्सीच्या लेगसी (जुन्या) मोडला हे ‘चंक्ड’ वाटतच नाही. तो कंटेंट-लेंग्थ धरून चालतो आणि दोन्ही हेडर जसेच्या तसे मागं ढकलतो. पायथॉनचं स्ट्रिप मात्र व्हर्टिकल टॅबलाही मोकळी जागा समजून खातं, त्यामुळं गुनिकॉर्नला स्वच्छ ‘चंक्ड’ दिसतं. मोंढ्यात एकानं काट्यावरचं वजन धरावं अन् दुसऱ्यानं रिकामं पोतं दिसेपर्यंत पोती मोजावीत, तशातली गत. उरलेला माल पुढच्या शेतकऱ्याच्या ढिगात.

बॉडी ६ बाइटची: शून्य, सीआर-एलएफ (ओळ संपवणारे दोन बाइट), पुन्हा सीआर-एलएफ, जी. गुनिकॉर्न पाचव्या बाइटला थांबतो, ‘जी’ पडून राहतो.

तरी दुसऱ्या कर्लला २०० च येत होतं. आधी संशय बाइटवर. डॅश शेलमधल्या प्रिंटएफला हेक्स एस्केप कळत नाही, ते ती अक्षरंच पाठवतं. ऑक्टल ०१३ लिहावं लागतं. तेवढं सुधारलं, नेटवर्कवरचे बाइट दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये ०बी डोळ्यांनी दिसला, निकाल तोच.

खरी अडचण बाइटमध्ये नव्हतीच, कनेक्शनमध्ये होती. गुनिकॉर्नचा मूळ सिंक वर्कर कीप-अलाइव्ह, म्हणजे उत्तरानंतरही कनेक्शन उघडं ठेवणं, पाळत नाही; उत्तर दिलं की कनेक्शन बंद, ‘जी’ही गेला. वर्कर बदलून कीप-अलाइव्ह पाळणारा जीइव्हेंट केला, तरी नाही. कारण कीप-अलाइव्हची मूळ मुदत फक्त २ सेकंद, दुसऱ्या टर्मिनलवर एंटर मारेपर्यंत संपलेली. ती ३० केली. तरी नाहीच! हॅप्रॉक्सी १.९ मध्ये ‘एचटीटीपी-रियूज’ मुळात ‘नेव्हर’ असतं, म्हणजे एकाचं मागचं कनेक्शन दुसऱ्याला मिळतच नाही. २.० पासूनच्या ‘सेफ’नंही भागत नाही, त्यात सेशनची पहिली रिक्वेस्ट स्वतंत्र कनेक्शनवरच जाते आणि एकट्या कर्लची रिक्वेस्ट पहिलीच असते. ‘ऑलवेज’ लिहिलं अन् पुढच्याच कर्लला ‘जीगेट’.

म्हणून ‘आमच्याकडं टेस्ट केलं, काही नाही झालं’ यावर विसंबू नका. सिंक वर्करनं भोक बुजत नाही, त्यावर पडदा पडतो.

उपायांत ‘नेव्हर’ला उगाच भाव दिला जातो. त्यानं दुसऱ्याची रिक्वेस्ट नासत नाही हे खरं, पण हल्लेखोराचं स्वतःचं कनेक्शन तसंच राहतं. त्यावरून ‘/ॲडमिन’ची रिक्वेस्ट बॉडीत लपवली की हॅप्रॉक्सीचा डिनाय (अडवण्याचा) नियम तिला पाहतच नाही. त्यापेक्षा दोन्ही हेडर एकत्र आले की डिनाय, हा एचडीआर-काउंटचा (हेडर मोजणारा) एका ओळीचा नियम बरा. लगेच ४०३ (मनाई) येतो. नुसतं ट्रान्सफर-एन्कोडिंग अडवू नका, सरळमार्गी चंक्ड अपलोडही मरतात. पक्का इलाज दोन्ही टोकं अद्ययावत करणं: हॅप्रॉक्सी २.०.६ पासून असलं हेडर नाकारतो, गुनिकॉर्न २२.०.० पासून ट्रान्सफर-एन्कोडिंगला कडक झाला. एनजिंक्स हा दुसरा प्रॉक्सी १.२१.१ पासून दोन्ही हेडर एकत्र दिसले की थेट एरर देतो. एचटीटीपी/१.१ चं मानक असलेल्या आरएफसी ९११२ प्रमाणं अशी रिक्वेस्ट स्वीकारलीच, तर उत्तरानंतर कनेक्शन तोडणं बंधनकारक आहे.

बर्प या वेब-सुरक्षा तपासायच्या साधनाचं स्मगलिंग एक्स्टेंशन शोधायला झकास, शिकायला नको. बाइट झाकून ठेवतं. बर्पमधला हातानं रिक्वेस्ट पाठवायचा रिपीटर वापरलाच तर ‘अपडेट कंटेंट-लेंग्थ’ आधी बंद करा.

लातूरला लाइट गेली की नेटही जातं, म्हणून दोन्ही इमेज डॉकर सेव्हनं टार करून ठेवल्यात. नांदेडच्या मंडळींनी पेनड्राइव्ह आणावा.

पुढचा नंबर एनजिंक्सचा होता, पण हे लिहिता लिहिता बेत फिरला. पुढं एचटीटीपी/२, मागं १.१ अशा उतरंडीत पुढच्यानं फ्रेमची (एचटीटीपी/२ मधल्या डेटाच्या तुकड्याची) लांबी कंटेंट-लेंग्थशी ताडूनच पाहिली नाही तर? कर्ल तिथं कामाचं नाही. पायथॉनची एच२ लायब्ररी घेऊन ‘व्हॅलिडेट-आउटबाउंड-हेडर्स’ आणि ‘नॉर्मलाइज-आउटबाउंड-हेडर्स’ दोन्ही फॉल्स करायचे, आणि बॉडी ६ बाइटची असताना कंटेंट-लेंग्थ शून्य पाठवायची. या वेळी रियूज अन् कीप-अलाइव्ह आधी तपासून.