रेषा काढण्याआधीचा तास

अकरावीत अर्थशास्त्र नवं होतं. उत्पादनाचे चार घटक (जमीन, श्रम, भांडवल, उद्योजक) आणि त्यांचे मोबदले, म्हणजे खंड, वेतन, व्याज, नफा, एका दमात पाठ म्हणता यायचे. पहिल्या तिघांवर पानंच्या पानं होती, चौथ्या घटकावर, उद्योजकावर, जेमतेम एक परिच्छेद. 'तो जोखीम पत्करतो' एवढं लिहिलं की गुण मिळत.

मागणीचा धडा सुरू करायच्या दिवशी सर खडूऐवजी पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले. पुस्तकात ठेवायच्या खूणपट्टीसाठी जास्तीत जास्त किती टोकन द्याल, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचं. चिठ्ठ्या उघडण्याआधी आम्हा काही जणांना ठरवायचं होतं की पट्ट्या किती करायच्या आणि कितीला विकायच्या. एका पट्टीचा खर्च 2 टोकन. मी 30 पट्ट्या सांगितल्या, किंमत 5 टोकन. खोका उघडला, तर 5 किंवा जास्त लिहिणारे निघाले 11. आले 55, गेले 60. शेजारच्या मैत्रिणीने 4 टोकनला दहाच केल्या होत्या. तिच्या सगळ्या खपल्या, पण आणखी सात जण रांगेत उरले, म्हणून तीही हळहळली.

मग सरांनी चिठ्ठ्या चढत्या किमतीने लावल्या आणि फळ्यावर मागणीचा वक्र, म्हणजे कोणत्या किमतीला किती खपेल ते दाखवणारी रेषा, काढला. म्हणाले, "पुस्तकात हा आधीच काढलेला असतो. तुझ्यापाशी होता का?"

नफा हा जोखमीचा मोबदला, हे मला त्या पाच टोकनांनी समजावलं. रिचर्ड कँटिलॉन या जुन्या अर्थविचारकाने हेच लिहिलं होतं (त्याचं पुस्तक 1755 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आलं): उद्योजक ठरलेल्या किमतीला घेतो आणि अनिश्चित किमतीला विकतो. 1921 मध्ये अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइटने आणखी नेमकं सांगितलं. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, तिचा विमा उतरवता येतो. जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता, आणि खरा नफा तिच्यापोटी. म्हणजे आमच्या त्या परिच्छेदातला 'जोखीम' हा शब्दसुद्धा अपुराच होता.

मी आज पदवीच्या पहिल्या वर्षाला हाच विषय शिकवतो. उद्योगसंस्थेच्या सिद्धांतातून, म्हणजे संस्था किती माल करते आणि कितीला विकते हे सांगणाऱ्या सिद्धांतातून, उद्योजकच गायब झाला आहे, ही अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांची 1968 मधली तक्रार मला अजून खरी वाटते. खर्च आणि मागणी दोन्ही दिलेले असले की उरतं फक्त गणित. ठरवायला काही शिल्लक राहत नाही. त्यावर उपाय म्हणून यशस्वी माणसांच्या गोष्टी सांगण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्या गोष्टींत शेवट आधीच माहीत असतो, म्हणजे पुन्हा खोका उघडलेलाच.

सर, तुमचा खोका मी दर वर्षी वर्गात नेतो. यंदा चिठ्ठ्या लावून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "याच चिठ्ठ्या उद्या लिहिल्या, तर हेच आकडे येतील?" मी हातातला खडू खाली ठेवला आणि सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या.