तुम्ही विचारलंत म्हणून: त्या एका मुलाला हलवलं तर बालगृह शांत होईल का?

अधीक्षक विचारतात, नवे समुपदेशक विचारतात, देणगीदारही विचारतात. तीस-चाळीस मुलांत एक ‘भाई’ असतो. तो लहानांना दमात घेतो, त्यांची बिस्किटं उकळतो, दिवे मालवल्यावर हात उचलतो. त्याला दुसऱ्या संस्थेत पाठवलं की बाकीची मुलं सुधारतील ना?

चार-आठ दिवस शांतता मिळेल. भाई जातो, पण भाईची जागा तशीच राहते, आणि ती भरायला दोन-तीन उमेदवार टपलेले असतात. जुन्या भाईला रोज मारावं लागत नव्हतं, त्याचं नावच पुरत होतं. नव्याला ते नाव कमवायचं असतं, म्हणून भाई हलवल्यानंतरचे पंधरा दिवस लहान मुलांसाठी बहुधा जास्त वाईट जातात. शिवाय अधीक्षकाला आपल्या मर्जीने मुलगा हलवता येत नाही. त्यासाठी बालकल्याण समितीकडे (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी) किंवा बाल न्याय मंडळाकडे (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी) जावं लागतं. तिथे ‘मुलगा त्रासदायक आहे’ एवढंच लिहून नेलं, तर ते का ऐकावं?

आधी ही जागा तयार कशी होते ते पाहू. केंद्राच्या 2016च्या आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी गृहपिता-गृहमाता चार. आपल्याकडे त्यांना काळजीवाहक म्हणतात. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, आजारपण, रिकामी पदं असा हिशेब मांडला की रात्री एक माणूस उरतो. एकट्याने शंभर मुलं झोपवायची तर मदतनीस लागतो, आणि सर्वात हाताशी असलेला मदतनीस म्हणजे ज्याला बाकीची मुलं घाबरतात तो मुलगा. मग न बोलता सौदा ठरतो: तू गप्प बसव, मी टीव्ही अकरापर्यंत चालू ठेवतो, एक अंडं जास्त देतो. भाईची बरीचशी सत्ता अशी कर्मचाऱ्यांनीच वाटलेली असते. हे बोललेलं बैठकीत कुणाला आवडत नाही, पण इथूनच सुरुवात करावी लागते.

1932 साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत चौदा मुली पळाल्या. नेहमीच्या कितीतरी पट. तिथे काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी त्यांचे स्वभाव तपासण्यापेक्षा कोण कोणाशी जोडलेली आहे याचे नकाशे काढले. पळण्याचं कारण एकेकीच्या स्वभावापेक्षा या जाळ्यातल्या तिच्या स्थानात जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो नकाशा आपल्याकडे एका दुपारी होतो. प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून तीन प्रश्न विचारायचे: जेवताना शेजारी कोण हवा, खो-खोच्या संघात कोण हवा, वस्तू हरवली तर आधी कोणाला सांगशील. प्रत्येकाला तीन-तीन नावं. ‘कोण नको’ हे विचारू नये, त्याची वाच्यता झाली की त्या मुलाची रात्र बिकट होते. मग कागदावर प्रत्येक मुलाचा एक गोल आणि निवडणाऱ्याकडून निवडलेल्याकडे बाण काढायचे, प्रत्येक प्रश्नाचा नकाशा वेगळा.

जेवणाच्या नकाशात भाईकडे बाण थोडेच जातात, हरवलेल्या वस्तूच्या नकाशात मात्र सगळे त्याच्याकडे धावतात. म्हणजे मुलांना तो आवडत नाही, त्यांना त्याची गरज आहे, कारण चोरी सोडवणारा दुसरा कोणी नाही. एकही बाण न आलेली मुलं वेगळी लिहून काढा. मार खाणारी आणि पळणारी मुलं बहुधा याच यादीत सापडतात. आणि फार न बोलणारा, पण ज्याला भाईनेच निवडलंय असा एक मुलगा दिसेल, त्याच्याकडे लक्ष असू द्या. पुष्कळदा डोकं त्याचं असतं आणि हात भाईचे. कागद कुलपात ठेवायचा, फळ्यावर कधीच नाही. निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीदरम्यान ठेवतात तिथे, मुलं जामिनावर सतत जात-येत असल्याने तिथला नकाशा महिन्यात शिळा होतो, बालगृहातला दोन-अडीच महिने चालतो.

आता भाई कोणकोणती कामं करतो ते लिहून काढा आणि एकेक काम मोठ्या माणसांनी परत घ्या. पंख्याखालची खाट कोणाची हे तो ठरवत असेल, तर खाटांचा तक्ता लावा आणि दर महिन्याच्या एक तारखेला फिरवा. रिमोट पाळीवरच्या सरांच्या खिशात, कार्यक्रमांची यादी आठवड्याची आणि लेखी. ताटं लहानांपासून वाढायची, दुसरं वाढप मावशींच्याच हातून, आणि एक मोठा माणूस मुलांबरोबर पंगतीत जेवायला बसलेला. केळी, अंडी, साबण, बिस्किटं या मोजता येणाऱ्या वस्तू इथलं चलन असतात, म्हणून त्या ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या, ‘तू वाटून टाक’ म्हणायचं नाही. सगळ्यात महाग चलन घरी फोन करण्याची पाळी. तिची वही कार्यालयातच हवी.

नव्या मुलाला संस्थेचे नियम कोण सांगतो? कर्मचाऱ्यांनी पहिल्या तासात सांगितले नाहीत तर रात्री भाई सांगतो, त्याच्या पद्धतीने. पहिले तीन दिवस दोन सोबती नेमावेत, दोघेही भाईच्या गोटाबाहेरचे, आणि खाट काळजीवाहकाच्या खोलीजवळ. नवीन मूल आलं की बसलेली घडी पुन्हा विस्कटते, त्यामुळे एकाच दिवशी चार-पाच मुलं दाखल झाली तर त्या रात्री जादा माणूस मागून घ्यावा.

कर्मचाऱ्यांमधली फूट हा याहून अवघड भाग. प्रत्येक संस्थेत एक कडक सर असतात: ‘माझ्या पाळीत काही होत नाही.’ खरंच होत नाही, पुढच्या पाळीत होतं. 1939मध्ये कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी आयोवात दहा वर्षांच्या मुलग्यांच्या गटांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं: हुकूमशाही प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, मुलांना निर्णयात सहभागी करून घेणाऱ्या प्रमुखाचा गट काम चालू ठेवायचा. सहा आठवडे प्रत्येक भांडण वेळ आणि पाळीसह वहीत लिहा, मग कडक सर गेल्यानंतरचे दोन तास तपासा. आकडे समोर आले की ‘ताईंनी मुलांना लाडावून ठेवलंय’ हा वाद बराच मऊ होतो.

पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही माणसं एकत्र हवीत. कोण जेवलं नाही, कोणाची समितीपुढे किंवा मंडळापुढे तारीख होती, कोणात जुंपली, आणि कोणी कोणाला काय कबूल केलं. यातली शेवटची गोष्ट हमखास राहते. ‘रविवारी फोन देतो’ असं सकाळचे सर म्हणाले आणि रविवारच्या ताईंना पत्ताच नाही, की मुलगा ताईंवर भडकतो आणि भाई मध्यस्थ होतो.

सामूहिक शिक्षा तर भाईला दिलेलं अधिकारपत्रच. एकाने काच फोडली म्हणून सगळ्यांचा टीव्ही बंद केला, तर ती काच रात्री कोणाच्या तरी पाठीवर वसूल होते. मारहाणीचा प्रश्नच नाही. 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 82नुसार संस्थेतल्या शारीरिक शिक्षेला पहिल्यांदा दहा हजार रुपये दंड आणि नंतर तुरुंगवासही होऊ शकतो.

याच कायद्याने सहा वर्षांवरील मुलांच्या संस्थांत बालसमित्या सांगितल्या आहेत. नियमांप्रमाणे 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 अशा तीन गटांच्या, दरमहा बैठक आणि नोंदवही असलेल्या. हात वर करून निवडणूक घेतली की भाईच अध्यक्ष होतो, म्हणून चिठ्ठ्या टाकून घ्या आणि मुदत एक-दोन महिन्यांचीच ठेवा. सुरुवात रविवारच्या जेवणासारख्या छोट्या विषयापासून, आणि प्रत्येक मागणीला पुढच्या बैठकीत लेखी उत्तर, नकार असला तरी. सूचनापेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. पण तिथे चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्यांनाच चिठ्ठी द्यावी आणि कोरी असली तरी टाकायला लावावी.

आणि त्या मुलाचं काय? त्याला चारचौघांत पाणउतारा करून खाली आणू नका, मॉनिटर करून डोक्यावरही बसवू नका. मैदान आखणं, लेझीम-ढोलांची देखभाल, कॅरमची दुरुस्ती अशी कामं द्या. त्यात मान आहे, पण कोणाचं ताट, खाट किंवा शरीर त्याच्या हातात येत नाही.

लैंगिक अत्याचार किंवा गंभीर मारहाण असेल तर मात्र यातलं काहीच थांबून करायचं नाही. त्याच रात्री मुलं वेगळी करायची. लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19नुसार बंधनकारक आहे, घरातल्या घरात मिटवणं हा गुन्हा आहे. समितीला किंवा मंडळालाही लगेच कळवायचं. अशा वेळी मुलगा हलवला गेला तर पुढचे पंधरा दिवस रात्रपाळीला दोन माणसं ठेवा आणि त्याची खाट त्याच्या जवळच्या मुलांपैकी कोणालाही देऊ नका.