तुम्ही विचारलंत म्हणून: बारा ओळींचा एवढा गाजावाजा कशाला?

‘पुस्तकाचं एवढंसं परीक्षण आलं, तर तुम्ही एवढा गाजावाजा कशाला करता?’ हे मला इतक्यांदा ऐकावं लागतं की एकदा लिहूनच टाकते. विचारणाऱ्याच्या सुरात थोडी चेष्टा असते, आणि ती गैर नाही. दोन-तीन माणसांचं आमचं प्रकाशन, फक्त कथा-कादंबऱ्या छापणारं. बारा ओळी कुठे छापून आल्या तरी वरात निघाल्यासारखे आम्ही सगळ्यांना दाखवत सुटतो.

परीक्षेचं पुस्तक लोक गरज म्हणून शोधत येतात. नव्या लेखकाची कादंबरी कुणी शोधत नाही, कारण ती आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. जाहिरातीला पैसे नसतात. मग आम्ही ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का मारून वर्तमानपत्रांना, समीक्षकांना फुकट प्रती धाडतो आणि वाट बघत बसतो. बहुतेक प्रतींचं पुढे काय होतं ते कळत नाही. एकदा मात्र कळलं. जुन्या पुस्तकांच्या ढिगात आमचाच शिक्का असलेली प्रत सापडली, पानं कोरी करकरीत. ती मी पैसे मोजून परत आणली.

अशा वेळी मला होगार्थ प्रेस आठवतो. १९१७ साली इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांचे पती लेनर्ड यांनी घरच्या जेवणाच्या खोलीत छपाईचं हातयंत्र मांडून हे प्रकाशन सुरू केलं. १९१९ मध्ये व्हर्जिनियाबाईंची ‘क्यू गार्डन्स’ ही कथा त्यांनी छापली. प्रती जेमतेम दीडशे, आणि त्याही संपेनात. तेवढ्यात ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ या लंडनच्या वाङ्मयीन साप्ताहिकामध्ये कौतुकाचं परीक्षण आलं. दोघं गावाला गेले होते. परतून पाहतात तर मागणीच्या पत्रांचा ढीग. दुसरी आवृत्ती पाचशे प्रतींची काढली, ती बाहेरच्या छापखान्यातून. घरच्या यंत्राच्या आवाक्यातलं ते काम उरलं नव्हतं.

असं रोज घडत नाही, हे मलाही कळतं. उलटंही घडतं. पॉल हार्डिंग या अमेरिकन लेखकाची ‘टिंकर्स’ ही कादंबरी बेलव्ह्यू लिटररी प्रेस या छोट्या प्रकाशनाने २००९ मध्ये काढली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिचं परीक्षणही छापलं नव्हतं. पण स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांना ती आवडली, ते गिऱ्हाइकांच्या हातात देत राहिले, आणि २०१० मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. म्हणून कुठे छापून आलं याचा तोरा आम्ही फारसा मिरवत नाही. कोणीतरी वाचलं, हे मिरवतो.

या मिरवण्यात आमच्याकडून एक चूकही झाली. एका समीक्षकाने लिहिलं होतं की भाषा विलक्षण आहे, पण कथानक पार फसलंय. आम्ही जाहिरातीत ‘भाषा विलक्षण!’ एवढंच घेतलं; उद्गारचिन्ह आमच्या पदरचं. त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं: ‘उरलेलं वाक्य कुठे गेलं?’ मी माफी मागितली. तेव्हापासून वाक्य घेतलं तर अख्खं घेते, नाहीतर घेतच नाही.

नव्या पुस्तकाचा दिवस निराळाच. गठ्ठा सोडायचा, पहिली प्रत काढायची, सहज मधलं पान उघडायचं आणि नेमकी त्याच पानावर मुद्रणाची चूक दिसायची. तीन वेळा मुद्रितं तपासूनही! (ही चूक नेमकी उघडलेल्याच पानावर का असते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) त्या दिवशी आम्ही लेखकाच्या जुन्या पुस्तकांचीही आठवण करून देतो. नवं वाचून जुनं मागणारे वाचक नेहमी भेटतात, आणि गोदामातले गठ्ठे खरं तर त्यांच्याच जोरावर हलतात.

मागच्या आठवड्यात तीन वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीवर परीक्षण आलं. फार गोड नव्हतं. ‘शेवटचं प्रकरण घाईत उरकलंय,’ असं स्पष्ट लिहिलं होतं. लेखिकेला फोन करताना मी जरा चाचरतच वाचून दाखवलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘म्हणजे शेवटपर्यंत वाचलंय की हो त्यांनी!’

तेही परीक्षण आम्ही सगळ्यांना दाखवलं. अख्खं.