उन्हाळ्यात रस्ता सगळीकडं असतो

एकतीस वर्षं मी एसटीची गाडी चालवली. रिटायर झाल्यावर स्वतःसाठी जमीन घेतली आणि ती निघाली बिनरस्त्याची. डेपोतले सोबती अजून भेटले की आधी हेच विचारतात, "काय ड्रायव्हरसाहेब, गाडी शेतात जाती का आता?"

जमीन लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. सातबाऱ्यावर 1 हेक्टर 00 आर. आमच्या हिशेबात अडीच एकर, त्यात गुंठाभर कमी. निम्मं रान मध्यम काळं, निम्मं चढाचं, मुरमाड. फेब्रुवारी 2023 मध्ये पाहिली तेव्हा शेजारच्या रानात ज्वारी काढलेली, हरभरा उपटलेला. डांबरी सडकेवरून मोटारसायकल वळवली ती धुरळा उडवत थेट बांधापर्यंत गेली. मधे एक गाडीवाट दिसत होती. विकणारा म्हणाला, "ही पहिल्यापासूनची वाट हाय." मी मान हलवली. तेव्हा माझं लक्ष होतं मातीकडं आणि बोरीच्या झाडाखालच्या सावलीकडं.

कागदाच्या बाबतीत मात्र मी कच्चा राहिलो नाही. शेतजमीन घ्यायला आधी आपण शेतकरी असावं लागतं. वडिलांच्या गटात माझ्या वाट्याला आलेले चौदा गुंठे होते, त्यांचा आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, इथं कामाला आला. एरवी ते चौदा गुंठे म्हणजे भावाभावातल्या भांडणापुरतेच होते. आपल्याकडं निजामाच्या काळातली भानगड मागं असते, म्हणून नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर भागत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षातून 1954 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे तेव्हाची जमिनीची नोंद, काढलं, तिथून पुढचे सगळे फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, ओळीनं लावले. जमीन मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) किंवा खिदमतमाश (देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली) इनामाची तर नाही ना, हे बघायचं होतं. तशी असली की ती वर्ग 2 ची, आणि मग सरकारी परवानगीशिवाय केलेली खरेदी गळ्यात अडकते. आमची वर्ग 1, म्हणजे मोकळी निघाली. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, तो विकणाऱ्याकडून इसाराच्या पैशातून भरून घेतला आणि कमी झाल्याची नोंद पाहिल्यावरच पुढं सरकलो. त्याच्या दोन बहिणींची नावं वारसात होती. तो म्हणत होता, त्यांचं काही म्हणणं नाही. मी म्हणालो, म्हणणं नसलं तर सही करायला तरी याव्यात. आल्या, सह्या केल्या, चहा घेऊन गेल्या. फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस निघाली, हरकत कुणाची आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

खरेदीखतात एक ओळ होती, सगळ्यांच्याच खतात असते: "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह." वाचायला किती भरलेली वाटते! वहिवाट कुठल्या गटातून, कुठल्या बाजूनं, किती फुटी, यातलं एक अक्षर त्यात नाही.

एप्रिलमध्ये बोअर पाडला. पाणाड्यानं हातावर नारळ धरला, तो उभा राहिला त्या जागी चुना टाकला. माझा त्यावर विश्वास नाही, पण मंडळींचा आहे, आणि नारळाच्या पैशासाठी घरात वाद कोण घालणार. दोनशे फुटांच्या थोडं आतच थांबलो. भूजल कायद्यात 60 मीटरच्या खालच्या विहिरीला खोल विहीर म्हणतात आणि शेतीसाठी ती पाडायला मनाई आहे. 60 मीटर म्हणजे साधारण 197 फूट. एजंट म्हणत होता, सगळेच पाचशे-सातशे फूट जातात. जातात, खरं आहे. म्हणून तर 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. आमच्या बोअरला इंचभर पाणी लागलं. बोअरची गाडी त्या दिवशी शेजाऱ्याच्या उघड्या रानातून सरळ आत आली नि गेली, कुणी हूं की चूं केलं नाही.

जूनच्या शेवटी रानावर गेलो तर गाडीवाट गायब. नांगरून, पाळी घालून तयार. पाऊस पडला की तिथं सोयाबीन पेरणार. शेजारी, त्यांना मी आबा म्हणतो, बांधावर उभे होते.

"आबा, इथून वाट होती ना?"

"तुमाला कोण सांगितलं? उन्हाळ्यात कुठूनबी जावा. पेरणी झाली की वाट बंद. पहिल्या मालकाचं बी असंच हुतं."

खरंच तसंच होतं. पहिला मालक दिवाळीपर्यंत डोक्यावर बी-बियाणं नेत होता, आणि कंटाळूनच त्यानं जमीन विकली. हे मला नंतर गावातल्या हॉटेलात कळलं. हॉटेलात आधी जाऊन बसायला हवं होतं.

2023 चा ऑगस्ट कोरडा गेला ते सगळ्यांना आठवत असेल. माझं रान तसंही पडीकच होतं, ट्रॅक्टर आत येत नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत बोअरनं मान टाकली.

रस्त्याचे कायदे दोन आहेत. वापरात असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं जायचं. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, त्यात बांधावरून नवा रस्ता मागता येतो. मी पहिल्यात बसत होतो की दुसऱ्यात, यावर तालुक्याला तीन जणांनी तीन मतं दिली. शेजाऱ्याशी पहिल्याच वर्षी कोर्टबाजी नको म्हणून मी गप्प बसलो, आणि ते सहा महिने निघून गेले. भिडस्तपणाची ही किंमत. मधे एक वाटलं, सडकेकडेच्या गटातले दोन-तीन गुंठे विकत घेऊन मोकळं व्हावं. पण जिरायतीत वीस गुंठ्यांच्या आतला तुकडा सरळ रजिस्ट्रीला जात नाही, तुकडेबंदी आडवी येते. परवानग्यांचा तो घाट चढायची माझी तयारी नव्हती.

मग मोजणी आणली. ही खरं तर खरेदीआधी करायची गोष्ट. भूमी अभिलेखचे मोजणीदार डिसेंबरात आले, रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) लावून हद्दी दाखवल्या, खुणा रोवल्या. नकाशा हातात आला तेव्हा कळलं, आबांनी वर्षानुवर्षं बांध कोरत कोरत माझ्या गटातले दीड गुंठे आपल्याकडं ओढलेत. माझा मेहुणा लगेच म्हणाला, "दाजी, आता सापडलाय तावडीत. पोल रोवून घ्या." रात्रभर झोप लागली नाही. दीड गुंठे घेतले असते तरी त्यांच्यापर्यंत जायला मला रस्ता नव्हताच की.

जानेवारी 2024 मध्ये कलम 143 चा अर्ज दिला. सोबत माझा सातबारा, मोजणीचा नकाशा, मागतोय त्या रस्त्याचा कच्चा नकाशा, लगतच्या खातेदारांची नावं, पत्ते, गट नंबर. आबांना नोटीस गेली. मंडळ अधिकारी जागेवर आले, त्यांनी विचारलेलं सगळं नेमकं होतं: आधीचे मालक कुठून जायचे, दुसरा जवळचा मार्ग आहे का, कुणाचं नुकसान कमीत कमी होईल. पंचनामा झाल्यावर आबा आणि मी बोरीखाली बसलो. मी म्हणालो, "आबा, दीड गुंठे तुम्ही पेरता तसंच पेरा. मी मागणार नाही. मला बांधानं दहा फूट द्या." आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "लिहून द्या." तहसीलदारांपुढं तडजोड झाली, आदेश निघाला. शासनानं 2025 मध्ये शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचं ठरवल्यावर आमच्या दोन्ही गटांवर ती नोंद करून घेतली. मेहुणा अजून मला येडा म्हणतो. दीड गुंठ्यात माझी किती पोती सोयाबीन बुडते ते मी कधी मोजलं नाही.

मे महिन्यात रस्ता भरला. चाळीस ट्रॉल्या मुरूम विकत आणला. इथं माझी दुसरी चूक. पुढच्या मार्चमध्ये वरच्या मुरमाड कोपऱ्यात 20 बाय 20 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं खोदलं, तेव्हा आतून जवळपास तीनशे ब्रास माल निघाला. वरची माती वेगळी काढून रानात पसरली, आणि मुरमाचा डोंगर बघत बसलो. तळं आधी खोदलं असतं तर रस्त्याचा पैसा वाचला असता. हा मुरूम विकावा म्हटलं तर त्याला रॉयल्टी आणि परवाना लागतो. शेवटी घराच्या जोत्यात आणि अंगणात जिरवला. तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर टाकलं. मुरमात पाणी ठरत नाही. भरल्यावर पावणेनऊ लाख लिटर मावतं. बोअरवर सौरपंप आहे, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतला, तीन एचपीचा. अडीच एकरांपर्यंत तेवढाच मिळतो, दहा टक्के पैसे आपण भरायचे. तो दिवसभर इंचभर पाणी तळ्यात सोडतो. फॉर्म भरल्यापासून पंप बसेपर्यंतचे महिने सांगत नाही, वाचणाऱ्याचा उत्साह जाईल.

घरावरून आमच्यात सगळ्यात जास्त बोलाचाली झाली. मला जुन्यासारखं दगडमातीचं, जाड भिंतीचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असलेलं घर हवं होतं. उन्हाळ्यात तसं गार घर दुसरं नाही. मंडळींचं माहेर इथलंच. 30 सप्टेंबर 1993 ची, भूकंपाची पहाट, आदल्या दिवशीच गणपती बुडवलेले, माणसं गाढ झोपेत. त्या भिंती आणि ते माळवद कसं अंगावर आलं, ते तिनं पाहिलंय. तिची मावशी त्यातच गेली. ती एवढंच म्हणाली, "डोक्यावर जड काही नको." विषय संपला.

गवंडी गावातला, पण त्याला पुनर्वसनाच्या वेळच्या घरांची माहिती होती. काळ्या मातीत पाया टाकायचा नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी ठणकावलं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भिंत कशी टिकणार? मुरमाच्या अंगालाच जागा धरली. साडेतीन फुटांवर कडक लागलं. जोत्याला, खिडकी-दारावर आणि छताखाली, अशा काँक्रीटच्या तीन पट्ट्या चारी भिंतींना अखंड फिरवल्या, कोपऱ्यात उभ्या सळया. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रे. पत्रा एप्रिलात भाजून काढतो, म्हणून खाली बांबूच्या तट्ट्याचं छत केलं आणि मधे हवेला जागा सोडली. माळवदाची सर त्याला नाही, तरी दुपारी आडवं होता येतं. पन्हाळी लावून पत्र्याचं पाणी टाकीत घेतलंय. सहाशे चौरस फुटांवर शंभर मिलिमीटर पडला की साडेपाच हजार लिटर, ते प्यायला. बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही.

झाडांचं थोडक्यात. 2024 च्या मेमध्ये तीन फुटी खड्डे घेऊन उन्हात तापू दिले, जुलैत केशर आंब्याची चाळीस कलमं आणि चढावर सीताफळ लावलं. लिंबाची हौस होती, पण माती परीक्षणात चुनखड जास्त आली. अशा मातीत लिंबू-मोसंबी पिवळी पडते. तरी एक लिंबू मोरीच्या पाण्यावर लावलाच. पिवळा आहे. रानडुकरांनी पहिल्या वर्षी नऊ कलमं उकरली, मग कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारं झटका मशीन बसवलं.

आणि मग 2025 चा सप्टेंबर. आयुष्यभर दुष्काळाच्या हिशेबानं चाललेल्या माणसाला पाणी जास्त झालं तर काय करायचं तेच माहीत नसतं. रात्रभर कोसळला. घराला काही झालं नाही, तळं सांडव्यानं वाहिलं. पहाटे आबांचा फोन आला, शिव्यांनीच सुरू झाला. मी रस्ता दोन फूट उंच भरला होता, आणि खाली पाणी जायला मोरी ठेवलीच नव्हती! वरच्या अंगाचं सगळं पाणी रस्त्याला अडून आबांच्या सोयाबीनमध्ये तुंबलेलं, शेंगा पाण्याखाली. ज्या रस्त्यासाठी वर्ष घालवलं तो मी आणि माझ्या मुलानं टिकाव-खोऱ्यानं भर पावसात फोडला. आबा दुसऱ्या बाजूनं खोदत होते. अर्ध्या तासात पाणी मोकळं झालं आणि माझा अडीच हजारांचा मुरूम घेऊन ओढ्याला गेलं. पीक पूर्ण वाचलं नाही. दिवाळीनंतर तिथं सिमेंटचे दोन पाईप टाकले. पाईप मी आणले, ट्रॅक्टर आबांचा.

डिसेंबरात येळवस, म्हणजे वेळा अमावस्या आली. आमच्या लातूर-धाराशिवकडं या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात दोन दिवस आधीपासून लावलेली आंबिल. पुण्याहून सून-नातवंडं आली होती. त्यांची कार थेट कोपीपर्यंत आली, हे मी तीन वेळा सांगितलं म्हणे. आबा दुपारी नातवाला घेऊन आले. भज्जी खाल्ली, दोन पेले आंबिल प्याले, घर आतून फिरून पाहिलं, पत्र्याखालच्या तट्ट्याला हात लावून पाहिला. जाताना रस्त्याच्या तोंडाशी थांबले.

"ती बांधावरची बाभळ तुमच्यात येती का माझ्यात?"

"नकाशा बघावा लागंल, आबा."

"बघा मग. सावली माझ्या रानात पडूलालीय."