बडोद्यात इकॉनॉमिक्सची पदवी: क्रेडिट कुठे अडतात, मुलं कुठे अडतात

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून दरवर्षी हाच प्रश्न येतो: आर्ट्समधून इकॉनॉमिक्स घेतलं तर पदवी हातात पडेपर्यंत काय काय पूर्ण करावं लागतं? पूर्वी याचं उत्तर ‘तीन वर्षं आणि इतके पेपर’ एवढ्यात संपायचं. आता हिशेब क्रेडिटचा आहे, आणि तो पहिल्या सेमिस्टरपासून स्वतःच ठेवावा लागतो.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. १२० पैकी ६० मेजरचे, म्हणजे खुद्द इकॉनॉमिक्सचे. मायनरचे, म्हणजे सोबतच्या दुय्यम विषयाचे २४, इतर शाखांतल्या विषयांचे ९, भाषेचे ८, स्किल कोर्सचे ९, व्हॅल्यू ॲडेडचे ६ ते ८ आणि इंटर्नशिपचे २ ते ४. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं; प्रॅक्टिकल किंवा इंटर्नशिपला एका क्रेडिटमागे ३० तास. विद्यापीठ यापेक्षा जास्त क्रेडिट ठेवू शकतं. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घेतला त्याच वर्षाची स्कीम (पेपर आणि क्रेडिटचा तक्ता) डिपार्टमेंटमधून मागून घ्या. वरच्या वर्गातल्या ताईची किंवा दादाची स्कीम तुम्हाला लागू होईलच असं नाही.

सर्वात जास्त मुलं फसतात ती इथे: एका गटातले जादा क्रेडिट दुसऱ्या गटात वळवता येत नाहीत. मेजरचा एखादा पेपर आवडीने जास्त घेतला, एकूण बेरीज १२२ झाली, पण स्किलच्या गटात तीन कमी पडले, तर पदवी अडते. आणि हे कळतं सहाव्या सेमिस्टरचा फॉर्म भरताना, जेव्हा तो कोर्स त्या सत्रात चालूच नसतो. वहीच्या एका पानावर सात रकाने आखा आणि प्रत्येक निकालानंतर भरा. एवढं केलं तरी निम्मी धावपळ वाचते.

मायनर निवडताना मैत्रिणीने काय घेतलं ते बघू नका. पुढे एम.ए. इकॉनॉमिक्स करायचं असेल तर स्टॅटिस्टिक्स किंवा गणित मिळतंय का ते आधी बघा. आपल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत मराठी विभाग आहे, इतिहास आहे, राज्यशास्त्र आहे. ते विषय मनापासून हवे असतील तर जरूर घ्या. मात्र ‘सोपं जाईल’ म्हणून घेतलेला मायनर २४ क्रेडिट सोबत राहतो.

आता गणित. बऱ्याच ठिकाणी बी.ए.ला बारावीत गणित असण्याची सक्ती नसते, आणि त्यामुळे इकॉनॉमिक्सला गणित लागतच नाही असा समज पसरलाय. पहिल्या वर्षी फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, मॅक्सिमम-मिनिमम, मग पार्शियल डेरिव्हेटिव्ह आणि लग्रांज (अट पाळून कमाल-किमान काढायची पद्धत) येतं. हे पाठ करून पास होता येतं. तिसऱ्या सेमिस्टरच्या मायक्रोइकॉनॉमिक्समध्ये मात्र पाठांतर उघडं पडतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघा. x आणि y या दोन वस्तूंपासून मिळणारी उपयोगिता (समाधान) U = xy, x ची किंमत २ रुपये, y ची ५, उत्पन्न १०० रुपये. लग्रांज लावलं की (λ हा त्यातला गुणक) y = २λ आणि x = ५λ मिळतं, म्हणजे ५y = २x: दोन्ही वस्तूंवर सारखाच खर्च, पन्नास-पन्नास रुपये. x = २५, y = १०, U = २५०. बहुतेक उत्तरपत्रिका इथे थांबतात. पण λ = ५ निघालाय, त्याचं काय? उत्पन्न एका रुपयाने वाढलं तर उपयोगिता साधारण ५ ने वाढेल, असं तो सांगतो. पडताळून बघा: १०१ रुपयांत x = २५.२५, y = १०.१, U = २५५.०२५. ही शेवटची ओळ ज्याला स्वतःहून सुचते त्याला पुढची दोन वर्षं जड जात नाहीत. बारावीत गणित नव्हतं तर मे-जूनमध्ये अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं फक्त कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स सोडवून काढा. रोज दहा गणितं, हाताने. व्हिडिओ बघून गणित येत नाही.

गणिताला घाबरून तो पेपर कसाबसा काढला तर ग्रेडवर काय होतं तेही बघा. O ला १० गुण, A+ ला ९, A ला ८, B+ ला ७, B ला ६, C ला ५, P ला ४, F ला शून्य. समजा २० क्रेडिटचं सेमिस्टर आहे. मायक्रो (४ क्रेडिट) A, गणित (४) P, मायनर (४) A+, इतर शाखेचा विषय (३) A, भाषा (२) O, स्किल (३) A+. क्रेडिट गुणिले गुण: ३२ + १६ + ३६ + २४ + २० + २७ = १५५. भागिले २०, एसजीपीए (सेमिस्टरची सरासरी) ७.७५. गणितात B+ असता तर बेरीज १६७ आणि एसजीपीए ८.३५ झाला असता. भाषेत O ऐवजी A मिळाला असता तर नुकसान फक्त ०.२. अभ्यासाचे तास वाटताना हे प्रमाण डोळ्यासमोर ठेवा. गणितात F आला तर ते चार क्रेडिट जमाच होत नाहीत, आणि एटीकेटीची परीक्षा पुढच्या सेमिस्टरच्या डोक्यावर येऊन बसते. अनेक ठिकाणी इंटर्नल आणि लेखी, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. इंटर्नल बुडवून लेखीत भरून काढू, हा हिशेब तिथे चालत नाही.

स्टॅटिस्टिक्सनंतर इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र) येतं, आणि खरी मजा इथे आहे. प्रोजेक्टसाठी मुलं हमखास एक विषय घेतात: कांद्याची मागणी. सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डातली महिनाभराची आवक आणि भाव उतरवून घ्यायचे, एक्सेलमध्ये रिग्रेशन चालवायचं (ठिपक्यांतून सर्वात जवळची रेघ काढायची) आणि भावाचा सहगुणक हीच मागणीची लवचिकता (भाव एक टक्का बदलला तर मागणी किती टक्के बदलते) असं लिहून टाकायचं. कधीकधी सहगुणक धन येतो आणि अहवालात चक्क ‘भाव वाढला की मागणी वाढते’ असं छापून येतं.

चूक आकडेमोडीत नसते. बाजारात दिसणारा प्रत्येक भाव मागणी आणि पुरवठा दोघांनी मिळून ठरवलेला असतो. सणावाराला मागणी वाढली की भाव आणि आवक दोन्ही वर जातात. माल कमी आला की भाव वर आणि आवक खाली. हे सगळे ठिपके एकत्र करून ओढलेली रेघ मागणीचीही नसते आणि पुरवठ्याचीही नसते. मागणीची रेघ हवी असेल तर फक्त पुरवठा हलवणारी गोष्ट शोधावी लागते. महुव्याकडे किंवा नाशिककडे काढणीच्या वेळी झालेला पाऊस आवक बदलतो, बडोद्याच्या घरातली कांद्याची गरज बदलत नाही. तो पाऊस इन्स्ट्रुमेंट, म्हणजे भावातला फक्त पुरवठ्यामुळे झालेला बदल वेगळा काढायचं साधन, म्हणून वापरा. महिन्याभराचे तीस आकडे पुरत नाहीत. ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी पोर्टलवरून दोन वर्षांचे आठवड्याचे आकडे घेतले तर शंभरच्या वर निरीक्षणं मिळतात. भाव आणि आवक दोन्हींचा लॉग घेतला की सहगुणक थेट लवचिकता म्हणून वाचता येतो. एवढं नीट केलेला वीस पानी प्रोजेक्ट ऐंशी पानांच्या कॉपी-पेस्टपेक्षा कितीतरी वजनदार ठरतो.

रोजगारावर काम करणारे पीएलएफएसचा (सरकारच्या श्रमशक्ती सर्व्हेचा) डेटा उतरवतात. तो मोफत आहे, नोंदणी करावी लागते. पण त्यात प्रत्येक नोंदीला मल्टिप्लायर असतो, म्हणजे ती नोंद किती लोकांच्या वतीने धरायची तो आकडा. तो न लावता सरासरी काढली तर ती फक्त सर्व्हेत निवडल्या गेलेल्या लोकांची सरासरी, देशाची किंवा गुजरातची नव्हे.

स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स क्रेडिटसाठी चालतात, एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत. मात्र आधी डिपार्टमेंटची लेखी मंजुरी घ्या आणि मगच नाव नोंदवा. सर्टिफिकेट मिळालं पण तो कोर्स स्कीमच्या कोणत्याच गटात बसत नाही, असं झालं तर कोणी काही करू शकत नाही.

चौथं वर्ष घ्यावं का? संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा प्रबंध लिहावा लागतो. चार वर्षं केल्यावर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या परीक्षेला इकॉनॉमिक्समधली पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे तिकडे डोळा असेल तर हा रस्ता विचारात घ्या. नोकरीच करायची असेल तर तीन वर्षं पुरेशी आहेत. चौथं वर्ष केवळ नावापुढे ऑनर्स लागावं म्हणून करू नये.

प्रबंध करायचाच तर बडोद्यासारखं गाव नाही. धनवहनाचा सिद्धांत (भारताची संपत्ती ब्रिटनकडे वाहून जाते हा विचार) मांडणारे दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये इथले दिवाण होते. ब्रिटिश राजवटीचा आर्थिक इतिहास लिहिणारे रमेशचंद्र दत्तही इथेच दिवाण झाले. बँक ऑफ बडोदा १९०८ साली इथे सुरू झाली, सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ पासून संस्थानभर लागू झालं. संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल आणि जनगणनेचे खंड युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत आणि अभिलेखागारात शोधा. जुन्या दफ्तरातली कागदपत्रं मोडीत आहेत, आणि मराठी मुलांनी दोन महिने मोडीला दिले तर जे कागद इतरांना उघडता येत नाहीत ते त्यांना वाचता येतील. सारा, पीक, शाळा, कर्ज: यातला एकच प्रश्न आणि एखाद-दुसरा तालुका घ्या. संपूर्ण संस्थान घेतलं तर डेटा गोळा करण्यातच वर्ष जातं.

आणि नावाचं तेवढं बघा. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम बहुधा वेगळा. स्पेलिंगमध्येही एखादं अक्षर इकडेतिकडे झालेलं असतं. अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) आणि ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं, जिथे मिळवलेले क्रेडिट जमा होतात, आधारशी जोडलेलं आहे, त्यामुळे नाव जुळलं नाही की क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. ही दुरुस्ती पहिल्याच सेमिस्टरमध्ये करून घ्या आणि प्रत्येक निकालानंतर डिजिलॉकर उघडून क्रेडिट जमा झाले का ते तपासा. एखादा कोर्स दिसत नसेल तर मार्कशीटची प्रत घेऊन त्याच महिन्यात फॅकल्टीच्या ऑफिसात अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का घ्या.