तुम्ही विचारलंत म्हणून: चालती इलेक्ट्रिक गाडी देऊन नवी घ्यावी का?

"नवं मॉडेल आलंय, एका चार्जमध्ये आमच्या गाडीच्या दीडपट जातंय. आमची देऊन टाकावी का?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याची गाडी बहुधा पाच-सहा वर्षांची असते आणि ठणठणीत चालत असते. शोरूममध्ये सहज म्हणून चक्कर मारून आल्यावर तिच्यात खोट दिसायला लागलेली असते, एवढंच. मी स्वतः जुनी इलेक्ट्रिक गाडी वापरतो, नव्या चालवून बघायची हौस आहे आणि या विषयावर बोलायला लागलो की मला आवरावं लागतं, म्हणून लोक माझ्याकडे येत असावेत. तर एकदाच सविस्तर सांगतो.

माझं मत आधीच घ्या: जुनी गाडी तुमचा कुठला प्रवास अडवते, हे एका वाक्यात सांगता येत असेल तर बदला. सांगता येत नसेल तर ठेवा.

यावर लगेच उत्तर येतं, "पण बॅटरी उतरलीय ना!" कशावरून? पूर्ण चार्ज केल्यावर पडद्यावर आधी ३०० किलोमीटर दिसायचे, आता २६० दिसतात यावरून. तो आकडा गाडीने बांधलेला अंदाज असतो. गेल्या काही फेऱ्यांत किती वीज लागली यावरून तो निघतो. थंडीत हीटर लावून फिरलात, टायरमध्ये हवा कमी होती, मोठ्या रस्त्यावर दामटली, की तो खाली येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलात तर नुसता तो विरोध कापायला दर किलोमीटरला पावणेदोनपट वीज जाते. त्यात बॅटरीचा काय दोष?

खरी तब्येत बघायची तर घरी बसून हिशेब करता येतो. समजा, गाडी नवी असताना बॅटरीची वापरता येणारी क्षमता ४० युनिट, म्हणजे ४० किलोवॅट-तास होती. २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा आणि चार्जरने किती युनिट दिले ते बघा. समजा, २४ दिले. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करताना आणि इकडेतिकडे मिळून साधारण दहावा हिस्सा वाया जातो, तो वजा केला की उरले २१.६. एवढ्यात ६० टक्के भरले, तर शंभर टक्क्यांना ३६. म्हणजे ४० ची ३६ झाली, तब्येत ९० टक्के. वाया जाणारी वीज गाडीगणिक कमीजास्त असते, हवामानानेही फरक पडतो, तेव्हा दोन-तीन टक्क्यांवरून झोप उडवून घेऊ नका.

याहून बारकाईने बघायचं असेल तर गाडीच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या खोबणीत, बसणारं ब्लूटूथचं छोटंसं यंत्र मिळतं. ते लावलं की फोनवर बॅटरीच्या आतलं दिसतं. कुणाची गाडी बघायला गेलो की मी आधी सेलच्या, म्हणजे बॅटरी ज्या अनेक छोट्या घटकांची बनलेली असते त्यांच्या, व्होल्टेजमधला फरक बघतो. सगळे सेल काही मिलिव्होल्टच्या आत एकमेकांना धरून असतील तर बॅटरी निरोगी. चार्ज कमी असताना एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा शंभर-दीडशे मिलिव्होल्टने खाली बुडत असेल तर मात्र कान टवकारायचे. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर सेल रिकामा झाला की इतरांत वीज शिल्लक असूनही गाडी थांबते. असा सेल सापडला की लोक घाबरून गाडी विकायला काढतात. खरं तर आधी वॉरंटीचे कागद काढायला हवेत. अनेक गाड्यांत पूर्ण पॅक, म्हणजे अख्खी बॅटरी, न बदलता तेवढं एक मॉड्यूल, म्हणजे काही सेलचा एक गठ्ठा, बदलता येतं.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाल्यांना एक वेगळी सूचना. या रसायनाचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे आत किती चार्ज आहे हे गाडीला नीट कळत नाही आणि टक्के भरकटतात. अधूनमधून १०० टक्के भरली की ताळ्यावर येतात. "एकदम बारा टक्के पडले हो" म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटलेल्या मी पाहिल्यात.

बॅटरी झिजतेच, ते नाकारत नाही. वापरली तरी झिजते आणि नुसती उभी राहिली तरी झिजते. ऋण टोकावर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात कामाचं लिथियम अडकतं. हे सगळ्यात वेगाने होतं उष्णतेत आणि भरलेल्या अवस्थेत. २०१० च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या निसान लीफमध्ये बॅटरी थंड करायला द्रव फिरवण्याची सोय नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात त्या गाड्यांची क्षमता भराभर उतरल्याच्या तक्रारी आल्या आणि "इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी चार वर्षांत बसते" हा समज तिथपासून जो चिकटला तो अजून सुटलेला नाही. नंतरच्या बहुतेक गाड्यांत द्रवाने थंड होणारा पॅक असतो. त्यांत सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत क्षमता थोडी पटकन उतरते आणि मग उतरण मंदावते. पहिल्या वर्षात चार टक्के गेले म्हणून दहा वर्षांत चाळीस जातील, असं गणित मांडू नका. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये ठरलेल्या तांत्रिक नियमातही ८ वर्षांचा किमान आकडा ७० टक्केच आहे, आणि ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरसाठी ८० टक्के. सहा वर्षांच्या गाडीची तब्येत ८८ टक्के आली तर पेढे वाटा, गाडी विकू नका.

आता प्रवासाकडे येऊ, कारण निर्णय तिथे होतो. जुन्या-नव्या गाडीत मला सगळ्यात मोठा फरक जाणवतो तो रेंजचा नाही, वाटेत चार्ज करायला लागणाऱ्या वेळाचा. जुन्या पिढीतल्या अनेक गाड्या ५० किलोवॅटच्या पुढे वीज घेतच नाहीत. ६० युनिटांचा पॅक १० टक्क्यांवरून ८० वर न्यायचा म्हणजे ४२ युनिट भरायचे. सरासरी ४० किलोवॅट मिळाले तर तासाभराहून थोडं जास्त. पोर्शेने २०१९ मध्ये टायकनमध्ये नेहमीच्या ४०० च्या जागी ८०० व्होल्टची रचना आणली, २०२१ मध्ये ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये ती सामान्य गाडीत आली, आणि तोच १० ते ८० चा टप्पा १८ मिनिटांवर आला, अर्थात तेवढ्या ताकदीचा चार्जर मिळाला तर. गंमत साधी आहे: व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच विजेला करंट निम्मा लागतो, आणि वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे असल्याने ती चौथाई होते. वायर तापत नाही म्हणून वीज जोरात देता येते.

आता स्वतःला विचारा, वाटेत थांबून चार्ज करावं लागेल असा प्रवास तुम्ही किती वेळा करता? दर आठवड्याला करत असाल तर नवी गाडी तुम्हाला दर खेपेला पाऊण तास परत देते आणि त्याचे पैसे मोजणं मला अगदी रास्त वाटतं. मग खुशाल बदला, मागेपुढे बघू नका. वर्षातून दोनदा करत असाल तर त्या दोन खेपांना भाड्याने गाडी घ्या. रोजचं जाणं-येणं घरच्या चार्जरवर रात्रीत भरून निघत असेल, तर फास्ट चार्जिंगचा वेग तुमच्यासाठी फक्त माहितीपत्रकातला आकडा आहे.

रेंजचा हिशेब करताना मात्र सगळ्यात वाईट दिवस धरा. कडक थंडी, टपावर सामान, हीटर चालू, आणि बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरलेली. त्या दिवशी तुमचा नेहमीचा पल्ला हात आखडून पार पडत असेल तर जुनी गाडी खरंच अपुरी पडतेय. जिथे हिवाळा कडक असतो तिथे नव्या गाडीतला हीट पंप मोठं काम करतो. एक युनिट वीज घेऊन तो दोन-तीन युनिटांची ऊब आत आणतो, तर जुन्या हीटरमध्ये एकाला एकच. जिथे थंडीच पडत नाही तिथे त्याचं कौतुक ऐकून घ्या आणि पुढे चला.

चांगली तब्येत असलेली गाडीसुद्धा द्यावी असं मी म्हणतो ती आणखी एक वेळ: तिचा प्लग मागे पडत चालला असेल तेव्हा. जुन्या लीफसारख्या गाड्यांचा शाडेमो नावाचा फास्ट चार्जिंगचा प्लग युरोपात आणि अमेरिकेत नव्या चार्जिंग केंद्रांवर दुर्मीळ होत चाललाय. तिकडे सीसीएस नावाचा दुसरा प्लग पुढे गेला, आणि अमेरिकेत २०२३ पासून एकेका कंपनीने टेस्लाचा प्लग स्वीकारला. आता तर निसाननेही नव्या लीफला त्या बाजारांत शाडेमो ठेवलेला नाही. (विरोधाभास असा की गाडीतली वीज उलट घराला देण्याची सोय शाडेमोत कितीतरी आधीपासून होती. ज्यांच्याकडे तसा संच आहे त्यांनी ती गाडी चालती वीजपेटी म्हणून जपावी.) घरीच चार्ज करणाऱ्याला प्लगचा काही त्रास नाही. बाहेर चार्ज करणाऱ्याला दरवर्षी थोडा जास्त त्रास होणार, आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही तोच प्रश्न विचारणार.

"चांगली गाडी सोडून नवी घेतली तर पर्यावरणाचं काय?" असंही काही जण विचारतात. नवी बॅटरी बनवताना बरंच कर्ब उत्सर्जन होतं, हे खरं. पण तुमची जुनी गाडी भंगारात जात नाही, दुसऱ्याच्या दारात जाते. ती एखाद्या पेट्रोल गाडीची जागा घेणार असेल तर तुमचा व्यवहार वाईट नाही. हे तुमच्या हातात नसतं, पण मनाला टोचणी लावून घेण्याआधी लक्षात असू द्या.

पैशांबद्दल एवढंच की इलेक्ट्रिक गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त घसरते. बॅटरी पॅक २०१० च्या तुलनेत सुमारे नव्वद टक्क्यांनी स्वस्त झाले, आणि नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली जातो. तो फटका तुम्ही खाऊन बसला आहात. आता पुढच्या वर्षी विकलीत काय आणि त्याच्या पुढच्या वर्षी काय, फरक पहिल्या वर्षांइतका नसतो. अपवाद बॅटरीच्या वॉरंटीचा. ती संपली की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून पुढेमागे द्यायचीच असेल तर थोडी वॉरंटी शिल्लक असताना द्या. आणि तुम्ही विचारणारच म्हणून सांगतो, माझी मी ठेवतोय. ती मला कुठेही अडवत नाही.

ठरलंच बदलायचं, तर शोरूममध्ये एक पथ्य पाळा. जुनीचा भाव आणि एक्स्चेंज न करता नवीचा भाव, हे दोन आकडे वेगवेगळे, लेखी मागा. दोन्ही एकत्र कालवून "फक्त एवढा फरक भरा" असं सांगितलं की जुनीला चढवून दिलेला भाव नवीच्या सवलतीतून कापलाय की नाही हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल स्वतः काढून न्या. तो नसला की समोरचा सगळ्यात वाईट तब्येत धरूनच भाव सांगतो. बॅटरी तुमच्या मालकीची आहे ना, हेही कागदात बघा. युरोपात रेनोच्या झोईसारख्या गाड्या कित्येक वर्षं बॅटरी भाड्याने देऊन विकल्या गेल्या, आणि तो करार आधी निकाली काढल्याशिवाय सुटका होत नाही.

किल्ली देण्याआधी गाडीतून स्वतःला पुसून टाका. नकाशात साठवलेला घराचा पत्ता, फोनची डिजिटल किल्ली, ॲपमधली मालकी. आणि प्लग लावताच पैसे आपोआप वळते होण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा. काही चार्जिंग केंद्रं गाडीलाच ओळखतात, प्लग कुणी लावला हे बघत नाहीत. नवा मालक मजेत लांबच्या प्रवासाला जाईल आणि विजेचं बिल तुमच्या खात्यावर येत राहील.